वाहत्या साखळ्या (लेखांक ९) : थांबल्या जागची ओढाताण

टॉम्स या संशोधकाची गोष्ट या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ती एक आठवडा पुढे ढकलतो आहे आणि त्याला कारण सांगलीहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या लिहितात, ‘वाहतं पाणी साखळीला ताणतं, असं तुम्ही गेल्या वेळी सहज लिहून गेलात. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पुराच्या पाण्यात दोरीचं भेंडोळं पडलं तर ते तसंच वाहत जातं. दोरी ताठ व्हायची तर तिचं एक टोक काठावरच्या झाडाला बांधलेलं लागतं. तुमच्या साखळीची दोन्ही टोकं मोकळी. मग तिला धरून ठेवतं कोण? आणि एवढी ताणली जाते तर तुटत कशी नाही?’

दोन्ही प्रश्न इतके नेमके आहेत की चार ओळींत उत्तर देऊन टॉम्सकडे वळणं मला जमलं नाही. या विषयातला माझा सगळ्यात आवडता कोपरा नेमका याच प्रश्नांच्या पलीकडे आहे. तेव्हा हा सगळा लेखांक बाईंच्या दोरीला.

बाईंची शंका एका मर्यादेपर्यंत अगदी बरोबर आहे. पाणी सगळीकडे एकाच वेगाने वाहत असेल, तर त्यातल्या साखळीला, म्हणजे दुव्याला दुवा जोडून झालेल्या लांब रेणूला, आपण वाहतो आहोत याचा पत्ताही लागत नाही. भोवतालचं पाणी तिच्याच वेगाने चाललेलं, म्हणजे तिच्या लेखी ते साचलेलंच. वेग सेकंदाला एक मीटर असो की दहा, तिची गुंतवळ, म्हणजे तिचं गोळा झालेलं भेंडोळं, जशीच्या तशी राहते. साखळीला ओढ बसते ती वेगाने नव्हे, वेगातल्या फरकाने. एका टोकाशी पाणी जरा जलद आणि दुसऱ्या टोकाशी जरा हळू असेल, तर जलद पाणी त्या टोकाला पुढे खेचतं आणि हळू पाणी दुसऱ्या टोकाला मागे रोखतं. काठावरच्या झाडाचं काम इथे मागे रेंगाळणारं पाणी करतं.

आता हा फरक किती, ते पाहा. गुंतवळीची रुंदी फार तर एखाद-दीड मायक्रॉन. तेवढ्याशा अंतरात वेग कितीसा बदलणार? शिवाय पाण्याचे रेणू साखळीला सतत धक्के देत असतात आणि त्या धक्क्यांमुळे ती पुन्हा पुन्हा गुंतवळ व्हायला बघते. पाचव्या लेखांकातला शिथिलन-काळ, म्हणजे ताणलेली साखळी सोडून दिल्यावर तिला परत गोळा व्हायला लागणारा वेळ, इथे कामाला येतो. प्रवाह तिला उलगडतो आणि धक्के तिला गोळा करतात. दोघांत जलद कोण, एवढाच सवाल. वेगातल्या फरकाला शिथिलन-काळाने गुणलं की जो आकडा येतो त्याला वायसेनबर्ग अंक म्हणतात. तो एकाहून खूप लहान असेल तर साखळी प्रवाहाची दखल घेत नाही. मोठा असेल तर घ्यावीच लागते.

पण दखल कशी घेते, हे फरक कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं आणि खरी मौज तिथून सुरू होते.

नळीतून पाणी वाहताना भिंतीलगतचा थर जवळपास थांबलेला असतो, मधला थर सगळ्यात जलद असतो. थर एकमेकांवरून सरकतात. याला आपण सरकता प्रवाह म्हणू. दुसरी जात म्हणजे नळी पुढे अरुंद होत जाते तेव्हाची. पाणी जसजसं पुढे जातं तसतसा त्याचा वेग वाढतो. फरक वाहण्याच्याच दिशेने असतो, आडवा नसतो. हा ताणता प्रवाह. दोन्हींत वेगातला फरक अगदी सारखा ठेवला तरी साखळीचं वागणं संपूर्ण वेगळं असतं.

सरकत्या प्रवाहात अर्धी करामत ताणण्याची असते आणि अर्धी फिरवण्याची. गुंतवळीचा वरचा भाग जलद थरात असतो, खालचा हळू थरात. त्यामुळे ती ताणली जाते खरी, पण त्याच वेळी प्रवाहाच्या दिशेने कलंडते. पुरती कलंडून आडवी झाली की तिची दोन्ही टोकं एकाच थरात येतात. एकाच थरात म्हणजे एकाच वेगात, आणि मग ओढ संपली. प्रवाहाने साखळीला अशा जागी नेऊन ठेवलं की जिथे त्याला स्वतःलाच तिला ताणता येत नाही. इतक्यात एखादा धक्का एका टोकाला खालच्या थरात ढकलतो. ते टोक मागे पडतं, दुसरं टोक त्याच्यावरून पुढे जातं, साखळी कोलांटी खाते, मध्येच गुंतवळ होते, मग पुन्हा ताणली जाते आणि पुन्हा आडवी होते. हे असंच चालू राहतं.

हे वर्णन मी मनाने रचलेलं नाही. १९९९ साली दोन गटांनी एकेका साखळीला सूक्ष्मदर्शकाखाली सरकत्या प्रवाहात ठेवून तिच्या कोलांट्या चित्रित केल्या. एक गट स्टॅनफर्डचा, डग्लस स्मिथ, हेझन बॅबकॉक आणि स्टीव्हन चू यांचा. दुसरा डेनिस विर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. स्टॅनफर्डच्या मोजमापांतला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. वेगातला फरक कितीही वाढवत नेला तरी साखळीची सरासरी लांबी तिच्या पूर्ण लांबीच्या निम्म्याच्या आसपासच अडकते. फरक वाढला की कोलांट्याही वाढतात आणि त्या ताणलेलं सगळं परत घालवतात. म्हणजे बाईंची शंका इथेही अर्धी खरी ठरते. धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणून साखळी पुरती ताठ होत नाही.

ताणत्या प्रवाहात मात्र कोलांटीची सोय नाही.

हा फरक स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहता येतो आणि ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. चार-पाच भेंड्या चिरून कपभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी गाळून, त्यात आणखी पाणी घालून इतकं पातळ करा की एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतताना ते साध्या पाण्यासारखंच पडेल. आता त्याचा एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घ्या आणि बोटं झटकन लांब करा. साध्या पाण्याचा थेंब जागीच तुटतो. भेंडीच्या पाण्याची तार निघते. ती बारीक होत जाते पण तुटत नाही आणि उजेडात धरली तर तिच्यावर बारीक थेंबांची रांग उठलेली दिसते. ओतताना जे पाण्यासारखं वाटलं तेच ताणताना इतकं चिवट का? ओतताना थर एकमेकांवरून सरकतात, त्यातल्या लांब साखळ्या कोलांट्या खात वेळ मारून नेतात. तारेत पाणी फक्त लांबीच्या दिशेने ताणलं जातं. तिथे वर-खाली थर नाहीत, फिरवणारं काही नाही. साखळी एकदा तारेच्या दिशेला लागली की प्रत्येक क्षणी ती आणखी ताणलीच जाते. साखळ्या ताठ झाल्या की त्या तारेला आतून धरून ठेवतात. लाळेची तार निघते तीही याच कारणाने.

तार मात्र क्षणभर टिकते. अभ्यास करायचा तर साखळीला ताणत्या प्रवाहात बराच वेळ ठेवायला हवं, आणि इथे पुन्हा बाईंची अडचण उभी राहते. निमुळत्या नळीतून साखळी क्षणात निघून जाते. तिला एका जागी ठेवून सतत ताणायचं कसं?

याची युक्ती केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी १९३४ साली तेलाच्या थेंबांसाठी काढली होती. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार रूळ ठेवायचे आणि शेजारचे रूळ उलटसुलट फिरवायचे. दोन समोरासमोरच्या बाजूंनी द्रव आत येतो, उरलेल्या दोन बाजूंनी बाहेर जातो. हेच पुढे अधिकाच्या चिन्हासारख्या छेदणाऱ्या दोन नळ्यांत करता येऊ लागलं. डावीकडून आणि उजवीकडून पाणी आत येतं, मधोमध एकमेकांना भिडतं आणि वर-खाली निघून जातं. बरोबर मधल्या बिंदूवर पाणी थांबलेलं असतं. तिथे वेग शून्य. पण त्या बिंदूच्या जरा वर पाणी वर चाललेलं असतं, जरा खाली ते खाली चाललेलं असतं. एखादी साखळी त्या बिंदूवर बसली तर ती कुठेही वाहून जात नाही आणि तिची दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना खेचली जातात. धरायला झाड नको, खुंटा नको. पाणी जिथे अजिबात वाहत नाही, तिथेच साखळीची सगळ्यात जास्त ओढाताण होते. सांगलीच्या पत्राला माझं पहिलं उत्तर हेच.

ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्या प्रवाहात पॉलिस्टायरिनसारख्या कृत्रिम साखळ्यांची द्रावणं वाहवली. एकेक साखळी दिसण्याची तेव्हा सोय नव्हती, म्हणून त्यांनी द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला. गुंतवळी झालेल्या साखळ्यांचा त्या प्रकाशावर परिणाम होत नाही, एका दिशेने ताठ झालेल्या साखळ्यांचा होतो. प्रवाह हळूहळू वाढवत गेलं तर बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एका ठरावीक वेगाला, काळ्या पार्श्वभूमीवर, मधल्या बिंदूतून जाणारी एक लख्ख बारीक रेघ उमटते. ती पुसट होती आणि ठळक झाली, असं होत नाही. नव्हती आणि आली.

असं अचानक का व्हावं, याचा तर्क पिएर-जिल द जेन यांनी १९७४ साली मांडला होता. त्याच सुमारास केंब्रिजचे जॉन हिंच यांनीही तो वेगळ्या वाटेने मांडला. गुंतवळ जरा उलगडली की तिची टोकं मधल्या बिंदूपासून लांब जातात. लांब गेली की तिथे पाण्याचा वेग अधिक, म्हणून ओढ अधिक. ओढ वाढली की टोकं आणखी लांब. एकदा सुरुवात झाली की थांबणं नाही. वायसेनबर्ग अंक साधारण अर्ध्याच्या खाली असताना धक्के जिंकतात आणि साखळी गुंतवळ राहते. अर्ध्याच्या वर गेला की प्रवाह जिंकतो आणि साखळी जवळपास पूर्ण लांबीपर्यंत उलगडते. अधलंमधलं काही नाही.

इथवरचं सगळं चित्र सरासरीचं होतं. केलर यांची रेघ म्हणजे कोट्यवधी साखळ्यांची मिळून दिसणारी रेघ. त्यातली एकेक साखळी काय करत होती, हे कुणालाच पाहता आलं नव्हतं. सगळे गृहीत धरून चालले होते की सगळ्या साखळ्या सारख्याच वागत असणार.

नव्वदच्या दशकात स्टीव्हन चू यांच्या प्रयोगशाळेत टॉम पर्किन्स आणि डग्लस स्मिथ हे संशोधक विद्यार्थी या कामाला लागले. चू यांचं नाव तोवर लेसरने अणू थंड करण्यासाठी झालेलं होतं, १९९७ चं नोबेलही त्याच कामासाठी. साखळी म्हणून त्यांनी निवडला लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए. हा विषाणू ई. कोलाय जिवाणूवर जगतो आणि त्याच्या डीएनएत ४८,५०२ जोड्या असतात. एकेका जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरले तर लांबी सोळा-साडेसोळा मायक्रॉन. चमकणारा रंग त्यात शिरला की ती वाढून एकवीस-बावीस मायक्रॉन होते. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसायला एवढी लांबी पुरते.

या निवडीत एक फार मोठी सोय दडलेली होती. कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम साखळ्यांत लहान-मोठ्या लांब्यांची भेसळ असतेच. त्यामुळे दोन साखळ्या वेगळ्या वागल्या तर लांबीकडे बोट दाखवता येतं. विषाणूचा डीएनए निसर्गानेच मोजून दिलेला असतो. सगळे रेणू तंतोतंत एका लांबीचे. त्यांच्यात फरक दिसला तर लांबीची सबब चालणार नाही.

दुसरी युक्ती साखरेची. साध्या पाण्यात हा डीएनए सेकंदाच्या दहाव्या भागातच परत गोळा होतो. पाण्यात साखर विरघळवून ते चाळीसेक पट घट्ट केलं की शिथिलन-काळ जवळपास चार सेकंदांवर जातो आणि सगळा खेळ डोळ्यांना झेपेल इतका संथ होतो. हिशेब करून पाहा. अंक अर्धा व्हायला हवा, काळ चार सेकंद, म्हणजे वेगातला फरक सेकंदाला एक अष्टमांश. मधल्या बिंदूपासून एक मिलिमीटर लांब गेलात तर पाणी सेकंदाला मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकंच सरकत असेल. गोगलगाय त्याहून जलद जाते. एवढ्याशा प्रवाहाने साखळी तिच्या गुंतवळीच्या पंधरा पट लांब होते.

१९९७ च्या जूनमध्ये ‘सायन्स’मध्ये हे निरीक्षण छापून आलं. अर्ध्याच्या आसपासचा उंबरठा बरोबर निघाला, द जेन यांचा तर्क खरा ठरला. पण चित्रफितीत जे दिसलं ते कुणाच्याच तर्कात नव्हतं. लांबी एक, प्रवाह एक, तापमान एक, तरी प्रत्येक रेणू आपापल्या वाटेने उलगडत होता.

या चित्रफितीतल्या ठशांचे तक्ते मी इतक्या वेळा पाहिले आहेत की त्यातले काही रेणू ओळखीचे झाले आहेत. काही रेणूंची दोन्ही टोकं गोळा झालेली आणि मधला भाग ताणलेला असतो. संशोधकांनी त्यांना डंबेल म्हटलं. हे झपाट्याने उलगडतात. काहींचं एकच टोक गोळा झालेलं असतं. काही मध्येच मुरडलेले असतात. आणि काही सरळ दुमडलेले असतात, दोन्ही टोकं एकाच बाजूला आणि दुमड दुसऱ्या बाजूला. हे सगळ्यात हट्टी. दुमडलेल्या रेणूचे दोन्ही पाय जवळपास सारखेच ओढले जातात. सुटका व्हायची ती दोन पायांच्या लांबीतल्या किरकोळ फरकामुळे आणि ती सावकाश होते. शेजारून एखादा डंबेल सरसर उलगडून पूर्ण लांब झालेला असतो आणि हा अजून दुमडलेलाच असतो. काही रेणू तर बराच वेळ गुंतवळीतून बाहेरच पडत नाहीत, मग एकाएकी उलगडू लागतात.

साध्या हिशेबाने काय व्हायला हवं होतं? साखळी पाण्याबरोबर निमूटपणे ताणली गेली तर ठरावीक काळाने तिची लांबी २.७ पट होते, तेवढ्याच काळाने पुन्हा २.७ पट. पंधरा पट व्हायला असे तीन काळसुद्धा लागू नयेत. प्रत्यक्षात तो वेळ उलटून गेला तरी कित्येक रेणू दुमडीतच अडकलेले होते. प्रवाह बराच जोराचा केला तरी दुमडलेले दुमडलेलेच.

कारण शोधायला रोनाल्ड लार्सन यांनी संगणकावर साखळ्या रचल्या आणि त्या अशाच प्रवाहात सोडल्या. उत्तर मिळालं ते असं. प्रवाहात शिरण्याच्या क्षणी गुंतवळीची जी ठेवण असते, तिच्यावर पुढचं सगळं ठरतं. दोन टोकं मधल्या बिंदूच्या दोन बाजूंना असली तर डंबेल, एका बाजूला असली तर दुमड. गुंतवळ तर क्षणोक्षणी आकार बदलत असते, म्हणजे ती ठेवण निव्वळ योगायोगाची. आणि प्रवाह जोराचा असला की धक्क्यांना ती चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही. सुरुवातीला जे पदरी पडलं ते शेवटपर्यंत भोगायचं. ‘सायन्स’च्या त्याच अंकात द जेन यांनी या शोधावर टिप्पणी लिहिली आणि तिला ‘मॉलिक्युलर इंडिव्हिज्युअलिझम’ असं नाव दिलं. तेव्हापासून या क्षेत्रात हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे.

सरासरीवर बांधलेली समीकरणं यामुळे खोटी ठरली नाहीत, पण त्यांच्यावर किती भार टाकायचा हे बदललं. द्रावणातला ताण सगळ्या साखळ्यांचा मिळून असतो. सरासरी साखळी अर्धी उलगडली आहे असं समीकरण म्हणतं, तेव्हा खरोखर अर्धी उलगडलेली साखळी द्रावणात शोधूनही सापडणार नाही, असं होऊ शकतं. काही पूर्ण ताठ, काही अजून गुंतवळ. ताठ साखळीतला ताण अर्ध्या उलगडलेलीच्या कितीतरी पट असतो. अशा ठिकाणी सरासरी लांबीवरून ताण काढला तर उत्तर चुकतं. आजही अभियांत्रिकीच्या वर्गात हा भाग घाईने उरकला जातो याचं मला वाईट वाटतं. मुलांना ती चित्रफीत आधी दाखवावी आणि समीकरण नंतर लिहावं.

द जेन यांच्या १९७४ च्या तर्कातला एक भाग मात्र तरीही अधांतरी राहिला होता, आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात सुंदर. गुंतवळीत आतले दुवे बाहेरच्या दुव्यांच्या आडोशाला असतात, प्रवाह त्यांच्यापर्यंत पोचत नाही. साखळी उलगडली की प्रत्येक दुवा उघड्यावर येतो. म्हणजे उलगडलेल्या साखळीवर पाण्याची पकड अधिक बसते. मग जो प्रवाह गुंतवळ उलगडायला पुरत नाही, तोच आधीच उलगडलेल्या साखळीला तशी धरून ठेवायला पुरेल. एकाच प्रवाहात दोन्ही अवस्था टिकतील. साखळी कोणत्या अवस्थेत सापडेल हे तिच्या पूर्वेतिहासावर ठरेल.

यावर कित्येक वर्षं वाद चालला, कारण प्रयोगात तसं कुणाला दिसत नव्हतं. लॅम्डाचा डीएनए त्यासाठी अपुरा पडतो. तो गुंतवळ असताना आणि ताठ असताना त्याच्यावरच्या ओढीत दुपटीचाही फरक पडत नाही. पुरेसा फरक हवा तर साखळी कितीतरी लांब हवी. २००३ साली चार्ल्स श्रोडर, बॅबकॉक, एरिक शकफे आणि चू यांनी लॅम्डाऐवजी खुद्द ई. कोलायचा डीएनए घेतला. लांबी १.३ मिलिमीटर. एकच रेणू, उलगडला तर नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढ्या लांबीचा, फक्त जाडी दोन नॅनोमीटर म्हणून दिसत नाही. एवढा लांब रेणू न तोडता नळीत आणायचा आणि मधल्या बिंदूवरून सतत निसटू पाहणाऱ्या त्याला प्रवाहात बारीक फेरफार करत तिथेच राखायचा, हे काम किती जिकिरीचं असेल याची कल्पना केलेली बरी. त्यांना दिसलं ते असं. एकाच प्रवाहात, गुंतवळ म्हणून आत आलेला रेणू गुंतवळच राहिला, आणि आधी जोराच्या प्रवाहात ताठ करून मग त्याच प्रवाहात आणलेला रेणू ताठच राहिला. एकोणतीस वर्षांपूर्वीचा तर्क खरा निघाला.

या कामात आपल्याकडचाही एक धागा आहे. लॅम्डा डीएनए प्रवाहात कसा उलगडेल, हे प्रयोगातल्या आकड्यांशी जुळवून घेण्यासाठी एकही चल हाताने न फिरवता सांगता येईल का, हा प्रश्न पी. सुंथर आणि मोनाश विद्यापीठाचे जे. रवी प्रकाश यांनी घेतला. २००५ साली त्यांनी ते करून दाखवलं. युक्ती अशी की साखळीचे संगणकावर आधी थोडे तुकडे कल्पायचे, मग अधिक, मग आणखी अधिक, आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. सुंथर पुढे मुंबईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकी विभागात आले. त्यांचं हे काम मला फार आवडतं ते त्यातल्या सचोटीसाठी. आकडे जुळवायला एखादा चल हाताशी ठेवणं सोपं असतं आणि या विषयात ते सर्रास चालतं.

आता बाईंचा दुसरा प्रश्न, साखळी तुटत कशी नाही?

तुटते. आणि तुटते ती बरोबर मधोमध. मधल्या बिंदूवर बसलेल्या ताठ साखळीचा प्रत्येक दुवा आपापल्या बाजूला ओढला जातो. टोकाच्या दुव्याला फक्त स्वतःचीच ओढ सोसायची असते. त्याच्या आतल्याला स्वतःची आणि टोकाच्याची. असं करत करत मधल्या दुव्यावर दोन्ही अर्ध्या भागांची सगळी ओढ येऊन साचते. टोकाकडे पाण्याचा वेगही अधिक, म्हणून साखळीची लांबी दुप्पट झाली तर मधला ताण चौपट होतो. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४४ सालीच सांगून ठेवलं होतं की प्रवाहात साखळी मध्यावर तुटावी. केलर आणि जेफ्री ओडेल यांनी पुढे प्रवाह वाढवून पॉलिस्टायरिनच्या साखळ्या तोडल्या आणि तुकड्यांचा रेणुभार मोजला. तुकडे मूळच्या बरोबर निम्म्या भाराचे. त्यांच्या वाट्याला येणारा मधला ताण आता चौथाईवर आलेला, म्हणून त्याच प्रवाहात ते पुन्हा तुटत नाहीत. प्रवाह आणखी वाढवला की त्यांचेही पुन्हा मधोमध दोन.

चू यांच्या साखरपाण्यात प्रवाह इतका संथ होता की तुटण्याचा प्रश्नच नव्हता. पण डीएनए हाताळणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत जाऊन विचारा. लांब डीएनए बारीक तोंडाच्या टिपेतून झटक्याने ओढू नका, रुंद तोंडाची टीप वापरा, असं नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं असतं. टिपेच्या तोंडाशी पाणी एकदम जलद होतं, तोच ताणता प्रवाह. जनुकक्रम वाचणाऱ्यांनी याच गोष्टीचा उलट उपयोग करून घेतला. डीएनएचे साधारण सारख्या लांबीचे तुकडे हवे असतील तर तो मुद्दाम बारीक छिद्रातून ढकलायचा. जे लांब आहेत ते मधोमध तुटतात, जे पुरेसे आखूड आहेत ते तसेच निघून जातात. वेग ठरवला की तुकड्यांची लांबी ठरली.

टॉम्सकडे पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ. १९४८ साली त्यांनी दाखवलेल्या गोष्टीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग १९७९ पासून अलास्काच्या तेलवाहिनीत होऊ लागला. कच्च्या तेलात लांब साखळ्यांची अगदी किंचित मात्रा सोडली की त्याच पंपांनी अधिक तेल पुढे जातं. पण तेल पंपातून गेलं की पात्यांशी हाच ताणता प्रवाह साखळ्यांना गाठतो आणि त्या मधोमध तुटतात. आखूड साखळ्यांचा तिथे काही उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक पंपघर ओलांडलं की साखळ्या नव्याने सोडाव्या लागतात. सांगलीच्या बाईंनी पुढचा भाग वाचताना आपला दुसरा प्रश्न जवळ ठेवावा. तेलवाहिनीवाल्यांचा खर्च त्याच प्रश्नाभोवती फिरतो.